एपी, ड्युअल क्रेडिट आणि "कोअर इथेच उरकून टाका" – मग मुलांनी नवीन काही करून बघायचं कधी?

रानजाई

नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो, लेक दहावीत आहे आणि अकरावी-बारावीचे विषय निवडायचा फॉर्म समोर पडलाय. शाळेच्या मीटिंगमध्ये काउन्सेलरबाई एकच पालुपद लावून बसल्या होत्या की ड्युअल क्रेडिट घ्या, कॉलेजचा कोअर इथेच संपवा, पैसे वाचवा. सगळे पालक माना डोलवत होते, मी पण डोलावली, पण घरी आल्यापासून डोकं भणभणतंय.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात. एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या लेव्हलचा विषय, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा, १ ते ५ मध्ये स्कोअर, चांगला आला तर पुढे कॉलेज क्रेडिट देतं (किती ते कॉलेजच्या मर्जीवर). ड्युअल क्रेडिट म्हणजे खराखुरा कम्युनिटी कॉलेजचा कोर्स, कधी शाळेतच बसून तर कधी तिकडे जाऊन, तो शाळेतही धरतात आणि कॉलेजातही. क्रेडिट म्हणजे डिग्रीसाठी कोर्सागणिक जमा होणारे गुणांक. टेक्सासात सरकारी कॉलेजांचा ४२ क्रेडिटचा कोअर (सगळ्यांना सक्तीचे सामान्य विषय) असतो, एका ठिकाणी पूर्ण केला की दुसऱ्या सरकारी कॉलेजला मान्य करावा लागतो. साधारण डिग्री १२० ची, म्हणजे एक तृतीयांश डिग्री शाळेतच!

ऐकायला झकास आहे. पण माझ्या लेकीला पुढे काय करायचंय ते तिलाच माहीत नाही. गणित बरं आहे, चित्रं काढते, हल्ली ज्वालामुखी आणि भूकंपाचे व्हिडिओ बघत बसते. मला वाटायचं की अमेरिकेत कॉलेजचं पहिलं वर्ष ह्यासाठीच असतं, चार वेगळे विषय घेऊन बघायचे, मग ठरवायचं. ते वर्ष सोळाव्या वर्षी शाळेतच उरकलं तर तिथे गेल्यावर उरलं काय? नवरा म्हणतो वर्ष वाचतंय ना, वाचव की. तुमच्या मुलांचे अनुभव काय?

हडसनकर

ताई, फार विचार करू नका. आमच्या चिरंजीवांनी शाळेत ढीगभर एपी केले, सरकारी विद्यापीठात गेला, तीन वर्षांत बाहेर, एका वर्षाची फी आणि हॉस्टेलचा खर्च वाचला. एपीची परीक्षा ९९ डॉलरला, कॉलेजात तोच कोर्स हजारात जातो, ह्यात विचार करण्यासारखं आहे काय? आणि एक्स्प्लोर करायला कॉलेजच कशाला लागतं, यूट्यूब आहे, लायब्ररी आहे. आपण कुठे एक्स्प्लोर केलं होतं, बारावीचे मार्क बघितले आणि मिळाली ती ब्रँच घेतली.

केळफूल

हडसनकर, "आपण कुठे केलं होतं" हेच तर आपल्या पिढीचं रडगाणं आहे, त्यालाच दाखला म्हणून काय वापरताय 😄

रानजाई, मी ह्यूस्टनची. कॉलेजचं नंतर बघू, शाळेतच काय होतं ते आधी ऐक. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये (शाळांचा सरकारी विभाग) एपीचा विषय ५ च्या स्केलवर, साधा विषय ४ च्या, म्हणजे ए मिळाला तर एपीत ५ धरतात, साध्यात ४. यूटी ऑस्टिनला (टेक्सासचं मोठं सरकारी विद्यापीठ) वर्गातल्या वरच्या टक्क्यांत असलात की आपोआप प्रवेश, आधी ६ टक्के होते, २०२६ च्या फॉलपासून (ऑगस्टला सुरू होणारं सेमिस्टर) ५ केलेत. आता गणित मांड. ज्या मुलाने ऑर्केस्ट्रा घेतला त्याला तिथे पूर्ण ए मिळाला तरी सरासरी खाली येते, कारण तो विषय ४ चा. आमचा मुलगा सहावीपासून चेलो वाजवायचा, अकरावीत सोडला. नावड नव्हती हो, रँक सांभाळायची होती, त्याच्या जागी एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेतलं ज्यात त्याला काडीचा रस नव्हता. काही डिस्ट्रिक्ट असे विषय रँकमध्ये धरतच नाहीत, तुझ्याकडे काय नियम आहे ते पहिल्यांदा विचार. काउन्सेलर स्वतःहून सांगत नाहीत.

म्हणजे कॉलेजात जाऊन शोधाशोध करायला वेळ मिळावा म्हणून शाळेतली शोधाशोध बंद, असा सगळा मामला आहे.

टिवल्याबावल्या

धागा पेटणार. चहा घेऊन बसलोय.

शून्यबाकी

मी एका सरकारी विद्यापीठात अॅकॅडमिक अॅडव्हायझर आहे, कुठलं ते विचारू नका. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

ऑगस्टमध्ये ओरिएंटेशनला मुलं समोर येऊन बसतात, अठरा वर्षांची, आणि स्क्रीनवर दिसतं की ५०-६० क्रेडिट झालेत, म्हणजे कागदावर दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला आलेली. इंग्लिश १३०१, १३०२, हिस्ट्रीचे दोन, गव्हर्नमेंटचे दोन, इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी, सगळं झालेलं. मग पहिल्या सेमिस्टरला द्यायला माझ्याकडे उरतं काय, तर कॅल्क्युलसचा पुढचा भाग, फिजिक्स, केमिस्ट्री, प्रोग्रॅमिंग. सगळे जड. ज्या मुलाकडे एकही क्रेडिट नाही त्याला मी दोन जड आणि दोन हलके देऊ शकतो, त्या हलक्यांपैकी एखाद्यात त्याला अचानक काहीतरी सापडतं. मानववंशशास्त्राच्या कोर्समध्ये केवळ वेळ सोयीची म्हणून बसलेली मुलं पुढे त्यातच मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) करताना मी बघितलीत. कोअर झालेल्या मुलाच्या वाट्याला हा अपघात येत नाही.

बरं, तो म्हणाला की मला डिग्रीबाहेरचा एक कोर्स गंमत म्हणून घ्यायचाय, तर सरकारी कर्ज किंवा ग्रँट फक्त डिग्रीत मोजल्या जाणाऱ्या कोर्सना चालते. ती मिळवायची तर त्या कोर्सचे क्रेडिट फुलटाइमसाठी सेमिस्टरला लागणाऱ्या १२ मध्ये धरले जात नाहीत. डिग्रीत मोकळ्या इलेक्टिव्हच्या (ऐच्छिक विषयांच्या) जागा असतात, पण त्यात शाळेतून आणलेलं काहीबाही क्रेडिट आधीच जाऊन बसलेलं असतं. एपी ह्यूमन जिऑग्रफी नववीत केली होती, ती इथे इलेक्टिव्ह म्हणून मोकळी जागा अडवून बसली, असं दर वर्षी बघतो.

आणि टेक्सासवाल्यांनी हे लक्षात ठेवा, २०१९ च्या कायद्यानंतर ड्युअल क्रेडिटचे १५ क्रेडिट झाले की त्याच्या पुढच्या दुसऱ्या सेमिस्टरच्या अखेरीपर्यंत मुलाने डिग्री प्लॅन (कुठल्या डिग्रीसाठी कुठले कोर्स घेणार ते) द्यायचा असतो. अकरावी-बारावीतल्या मुलाने! हेतू चांगला आहे, पुढे उपयोगी न पडणारे कोर्स घेऊन बसू नयेत म्हणून. नंतर बदलता येतो, पण एकदा कागदावर "बिझनेस" लिहिलं की घरचेही तेच बोलायला लागतात.

आता दुसरी बाजू, नाहीतर हडसनकर मला झोडतील. डबल मेजर करणारी, सेमिस्टरभर परदेशात जाऊन येणारी, प्रोफेसरच्या लॅबमध्ये दुसऱ्याच वर्षी शिरणारी मुलं बघितली तर त्यातली बरीच शाळेतून क्रेडिट घेऊन आलेली असतात. बऱ्याच ठिकाणी रजिस्ट्रेशनचा नंबर क्रेडिटच्या संख्येवर लागतो, म्हणजे पॉप्युलर कोर्सची सीट ह्यांना आधी मिळते. फरक एवढाच की ही मुलं वाचलेला वेळ पुन्हा कॉलेजातच खर्च करतात. लवकर बाहेर पडायचं हे आधीच ठरवून आलेला मुलगा असला काही विचारच करत नाही. क्रेडिट दोघांचं तेवढंच.

हडसनकर

झोडत नाही, मुद्दा मान्य. पण साहेब, हे डबल मेजरचं कौतुक ज्यांना चौथ्या वर्षाची फी परवडते त्यांचं. आमच्या घरात तेव्हा एकच पगार होता. कर्ज डोक्यावर न घेता एकविसाव्या वर्षी नोकरीला लागलेला मुलगा पुढे दहा गोष्टी एक्स्प्लोर करू शकतो, कर्जात अडकलेला नाही.

शून्यबाकी

हे अगदी खरं आहे, आणि माझ्यासमोर येणाऱ्या कितीतरी मुलांसाठी ड्युअल क्रेडिट नसतं तर कॉलेजच नसतं. घरात पहिल्यांदाच कोणीतरी कॉलेजला जाणार आहे अशी मुलं, कम्युनिटी कॉलेजच्या एका कोर्समध्ये पास झाली की "आपल्याला जमतं" हे त्यांना कळतं. २०२३ पासून टेक्सासात गरीब घरातल्या मुलांना सहभागी कॉलेजांत ते मोफत आहे. मी बोलतोय ते रानजाईंच्या प्रश्नाबद्दल.

नाचणीची_भाकरी

सिएटलच्या बाजूने लिहितेय. आमच्याकडे रनिंग स्टार्ट आहे, अकरावी-बारावीची मुलं सरळ कम्युनिटी कॉलेजात जाऊन बसतात, ट्यूशन नाही, पुस्तकं आणि काही फी आपली. १९९० पासून चालू आहे. मिनेसोटाने तर १९८५ लाच सुरू केलं होतं, ह्यातलं पहिलं राज्य ते.

मला शून्यबाकींचं एक पटलं नाही. शोधाशोध संपते असं तुम्ही म्हणता, ते एपीला आणि शाळेत बसून ठरलेले तेच सहा कोर्स घेणाऱ्यांना लागू आहे. एपीत चाळीसेक विषय आहेत, पण फिलॉसॉफी नाही, सोशिऑलॉजी नाही, भूगर्भशास्त्र नाही, मानववंशशास्त्र नाही. कम्युनिटी कॉलेजचा कॅटलॉग उघडा, हे सगळं आहे, वर वेल्डिंग, सिरॅमिक्स आणि साइन लँग्वेज पण. माझ्या मुलीने पहिल्या क्वार्टरला मैत्रिणीच्या नादाने जिऑलॉजी घेतलं, वर्गात एक पन्नाशीचे गृहस्थ होते, खाणीत काम केलेले, ते शेजारी बसायचे. ती घरी येऊन दगडांबद्दल जे बोलायची ते शाळेतल्या एकाही विषयाबद्दल कधी बोलली नव्हती. जिऑलॉजिस्ट झाली नाही, आता सिव्हिलला आहे, पण जमिनीखालचं काम करायचंय म्हणते. शाळेत राहिली असती तर हे घडलं नसतं, आणि मोठ्या विद्यापीठात गेल्यावर ३०० मुलांच्या हॉलमध्ये पण घडलं नसतं.

एक सावधगिरी. इथून ९० क्रेडिट (क्वार्टरच्या हिशोबाचे, म्हणजे दोन वर्षांचे) घेऊन बारावी संपवणारी मुलं यूडब्लूला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला, फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे) म्हणूनच अर्ज करतात, पण काही मेजरना ठराविक कोर्स आधी झालेले लागतात. आवडीचं घेतलं आणि लागणारं राहिलं असं झालं तर क्रेडिट भरपूर आणि तरी चार वर्षं. आमचं थोडं तसंच झालं, चालायचंच.

निद्रानाश

नाचणी, सुंदर लिहिलंय, पण मी डॉक्टर आहे आणि मला इथे विरजण घालायचंच आहे.

ड्युअल क्रेडिटचा ग्रेड हा कॉलेजचा ग्रेड आहे. तो कायमचा. मेडिकलला अर्ज करताना अॅमकासला (मेडिकल कॉलेजांच्या अर्जांची सामाईक व्यवस्था) प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) द्यावं लागतं, शाळेत असताना केलेलं सुद्धा, आणि ते जीपीएत (ग्रेडची सरासरी) धरतात. सोळाव्या वर्षी सहज म्हणून घेतलेल्या केमिस्ट्रीतला सी बावीसाव्या वर्षी समोर येऊन उभा राहतो. एपीत तसं नाही, २ आला तर तो स्कोअर कॉलेजला पाठवायचाच नाही, कोणी विचारत नाही. म्हणजे जिथे निवडीला वाव जास्त तिथे चुकायची मुभा कमी, आणि जिथे चुकलं तर चालतं तिथे विषय ठरलेले. प्रीमेडच्या (पुढे मेडिकलला जायचंय अशा) मुलांनी तर एपीचं बायोलॉजी-केमिस्ट्री क्रेडिट लावण्याआधी शंभरदा विचार करावा, बरीच मेडिकल कॉलेजं ते विषय कॉलेजातच केलेले मागतात किंवा वरच्या लेव्हलचे आणखी मागतात.

भास्करकाका_पुणे

आम्हा रिटायर्ड लोकांना हे वाचून मजा वाटते. मी आयुष्यभर पॉलिटेक्निकला शिकवलं. आपल्याकडे दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जाणारी मुलं असतात, ती ह्याच जातीची. एक वर्ष इंजिनिअरिंगचं वाचतं, वर्कशॉप, ड्रॉइंग ह्यात हात तयार असतो, पण ब्रँच पंधराव्या वर्षी ठरलेली. मेकॅनिकल का घेतलं विचारलं तर "यादीत नाव लागलं" किंवा "मामा मेकॅनिकलला होते". एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि गाडी कुठली ते बसल्यावर विचारायचं, तसं. आणि दुसऱ्या वर्षाला गेल्यावर एम थ्रीला (गणिताचा तिसरा पेपर) धापा टाकतात कारण एम वन-एम टू झालेलंच नसतं.

पण एक सांगतो, ह्या मुलांना काम काय असतं ते आधी कळतं. अकरावी-बारावी क्लासेसमध्ये घासून आलेल्यांपेक्षा ह्यांचे प्रश्न चांगले असायचे. आता राष्ट्रीय धोरणात क्रेडिट बँक आली आहे, २०२३ च्या क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये शाळेच्या वर्षांनाही वर्षाला ४० क्रेडिट धरलेत. प्रत्यक्षात अकरावीतल्या मुलाला कॉलेजच्या वर्गात बसू देतील तेव्हा खरं.

ओवी_ओहायो

भास्करकाका, रुमाल! 😂

आमच्याकडे ड्युअल क्रेडिटचीच योजना आहे, कॉलेज क्रेडिट प्लस, सातवीपासून करता येतं, सरकारी कॉलेजात मोफत. सातवी! मी अर्थशास्त्र शिकवते म्हणून एका अभ्यासाबद्दल लिहिते. २०१८ मध्ये एव्हरी, गुरांट्झ, हर्विट्झ आणि स्मिथ ह्यांचा पेपर आला. एपीचा निकाल पूर्णांकात येतो, ४ किंवा ५, पण आतले कच्चे मार्क वेगळे असतात. म्हणजे सीमारेषेच्या जरासं वर आणि जरासं खाली असलेल्या दोन मुलांच्या तयारीत फरक जवळपास शून्य. तरी ज्याला ५ दिसला तो त्याच विषयात मेजर करण्याची शक्यता थोडी जास्त. परिणाम लहान आहे पण स्पष्ट आहे, आणि तो सगळा क्रेडिटमुळे नाही, "मी ह्यात हुशार आहे" असा निरोप मिळाल्यामुळे पण.

मला हे जरा भयंकर वाटतं. जुलैत स्क्रीनवर एक आकडा येतो आणि मूल एका दिशेला कलतं. त्याला आवड सापडली म्हणायचं की आकड्याने ढकललं? रानजाई, लेकीला एखाद्या विषयात ५ आला आणि ती म्हणाली मला हेच करायचंय, तर थोडं खोदून विचार.

शिकागोची_मावशी

अवांतर, पण उपयोगी. मराठी शाळेत जाणारी मुलं असतील तर सील ऑफ बायलिटरसी (दोन भाषा येतात ह्याचा शाळेच्या दाखल्यावरचा शिक्का) बघा. मराठीची परीक्षा देता येते, आणि इलिनॉयमध्ये कायदाच आहे की सरकारी कॉलेजांनी त्या सीलला परदेशी भाषेच्या शाळेतल्या दोन वर्षांइतकं धरायचं. आमच्या मुलाची भाषेची अट त्यात सुटली, मग त्या जागी त्याने हौसेने जपानी घेतलं. रविवारी सकाळी झोपेतून ओढत मराठी शाळेत नेलं त्याचं सार्थक झालं. (बोलतो अजून "मी गेली" असंच.)

रानजाई

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. केळफूल, विचारलं शाळेत. आमच्याकडे आर्टचे विषय रँकमध्ये धरतात, पण एपी आर्ट अँड डिझाइन आहे तो ५ च्या स्केलवरच आहे, आणि तो कोणी सुचवला नव्हता! लेक खूश.

शून्यबाकी, दोन प्रश्न. एक, क्रेडिट मिळवलं पण लावलंच नाही असं करता येतं का? दोन, नाचणीताईंचं वाचून लेक जिऑलॉजी जिऑलॉजी करतेय, ते ड्युअल क्रेडिटमध्ये टेक्सासात मिळेल का की तेच इंग्लिश-हिस्ट्री?

शून्यबाकी

पहिलं, कॉलेजवर आहे. यूटी ऑस्टिनमध्ये एपीचं क्रेडिट तुम्ही स्वतः क्लेम करेपर्यंत लागत नाही, म्हणून पहिल्या दिवशी सगळं क्लेम करू नका, मेजर ठरू द्या. ड्युअल क्रेडिटचं तसं नाही, तो ट्रान्सक्रिप्टवर आहेच. काही खाजगी कॉलेजांत प्रश्नच मिटतो, डार्टमथने २०१८ ला पास होणाऱ्या बॅचपासून एपीला क्रेडिट देणं बंद केलं, फक्त वरच्या कोर्सला बसवतात. तिथे मग एपी म्हणजे नुसती तयारी.

दुसरं, जिऑलॉजी १४०३ म्हणून कोर्स आहे, राज्यभर तोच नंबर, कोअरच्या सायन्सच्या खान्यात सहसा बसतो. शाळेच्या यादीत नसेल तर कम्युनिटी कॉलेजच्या ड्युअल क्रेडिट ऑफिसला थेट विचारा, समर सेशनला सोपं जातं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तिने अमेरिकन हिस्ट्री आणि गव्हर्नमेंट शाळेत उरकावं, सायन्स आणि आर्ट्सचे खाने शक्य तेवढे मोकळे ठेवावेत, किंवा भरायचेच तर आवडीच्या गोष्टीने भरावेत. इंग्लिशबद्दल मी साशंक आहे, कॉलेजात शिरल्याशिरल्या कोणीतरी तुमचं लिखाण लाल पेनाने रंगवावं ह्याला पर्याय नाही.

निद्रानाश ह्यांची भीती रास्त आहे, त्यावर उतारा म्हणजे सेन्सस डे, कॉलेज पटसंख्या पक्की करतं तो दिवस. फॉल-स्प्रिंगला क्लासचा बारावा दिवस. त्याच्या आत कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. पहिल्या आठवड्यांतच प्रोफेसर, पुस्तक, क्विझ बघून ठरवायला सांगा. समरला ती तारीख फार लवकर येते, कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये बघून घ्या.

हडसनकर

चिरंजीवांना धागा वाचायला पाठवला. उत्तर आलं, "चौथं वर्ष मिळालं असतं तर कदाचित थिएटर केलं असतं, पण बाबा तुम्ही फी दिली असती का?" मी अजून रिप्लाय टाइप करतोय.

टिवल्याबावल्या

तो "का?" बोल्ड करा कोणीतरी.

गोकर्ण_न्यूजर्सी

छान धागा. आमचा मुलगा आठवीत आहे, अल्जेब्रा वन झालंय, जिऑमेट्री समरला उरकून टाकावी का म्हणजे नववीत अल्जेब्रा टू घेता येईल आणि अकरावीत कॅल्क्युलस?

केळफूल

गोकर्ण, नवीन धागा काढा प्लीज. आणि शीर्षकात "उरकून" हा शब्द नको.